सुयोग नावाचं फोल्डर

पल्लवी रडली नाही. सुयोग गेला त्याला येत्या रविवारी वर्ष होणार होतं, आणि या वर्षात गावानं सगळ्यात जास्त चघळलेली गोष्ट हीच होती. बेचाळिशीतला माणूस गेला याची हळहळ पंधरा दिवसांत ओसरली. बायको रडली नाही, हे मात्र नळावर आणि रेशनच्या रांगेत अजून ताजं होतं. कोणी म्हणे शिकलेली आहे, तिला असलं जमत नाही. कोणी म्हणे आतल्या गाठीची आहे. लोकांचं काय जातं? बसल्या जागी दुसऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी तपासायला मिळालं की दिवस बरा जातो.

शिकलेली ती होतीच. भातसानगरपासून पंधरा मिनिटांवरचं हे गाव, शहापूर तालुक्यातलं. तिथल्या ग्रामपंचायतीत पल्लवी संगणक परिचालक होती. जाळीच्या खिडकीमागं बसून दाखले द्यायचे, उतारे काढायचे, योजनांचे अर्ज भरायचे, आणि नेट गेलं की समोरच्याच्या शिव्या स्वतःच्या अंगावर घ्यायच्या. बारा वर्षं ती हेच करत होती. गावातल्या प्रत्येकाचं जन्मसाल आणि घरपट्टी तिला तोंडपाठ होती.

सुयोग एका रविवारी दुपारी गेला. भातसा धरणावरच्या वसाहतीत तो ठेकेदाराकडे वायरमन होता. आठवड्याची एक सुट्टी. बोंबलाचं कालवण आणि भात जेवला, पंख्याखाली खाटेवर आडवा झाला. चार वाजता पल्लवी चहासाठी उठवायला गेली. झालं ते एवढंच. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, त्रास झाला नसेल.

चौथ्या दिवशी ती कार्यालयात हजर. मृत्यूची नोंद करायची होती. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, “पल्लवी, हे राहू दे. मी करतो.”

“तुमाला ते लॉगिन उघडायचं नाय, भाऊसाहेब,” ती म्हणाली. आणि ते खरंच होतं. भाऊसाहेबांना पासवर्ड पाठ होता, पुढचं काही येत नव्हतं. मग तिनंच नोंद भरली. ‘अर्जदाराचे मृताशी नाते’ या रकान्यात यादी उघडली, ‘मुलगा’, ‘मुलगी’ सोडून खाली आली आणि ‘पत्नी’वर टिचकी मारली. नावाचं स्पेलिंग दोनदा तपासलं. दाखला छापला, भाऊसाहेबांची सही घेतली, शिक्का मारला. पुढच्या बाईला विचारलं, तुझं काय गो. भाऊसाहेब उठून बाहेर पिंपळाखाली जाऊन उभे राहिले. त्यांना ते बघवलं नाही.

तिला दुःख नव्हतं असं कोणी समजू नये. ते कुठं ठेवलंय तेच तिला सापडत नव्हतं. सकाळी उठावं, लेकीची, भाग्यश्रीची, वेणी घालावी, डबा भरावा, कामाला जावं, यावं, भाकऱ्या थापाव्यात, झोपावं. सगळं हात करत होते. पोळलं तरी थोड्या वेळानं कळायचं. विहारात पुण्यानुमोदनाला सगळे रडले तेव्हा ती सतरंज्या मोजत होती, कारण त्या मंडपवाल्याला परत द्यायच्या होत्या.

सुयोग गायचा. चौदा एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत संध्याकाळचा तो घरी सापडेल तर शपथ. त्यांची गायन पार्टी होती. हार्मोनियम, ढोलकी, कोरसला दोघे, आणि मधे सुयोग. किन्हवली, पडघा, मुरबाड, पार सरळगावापर्यंत जायचे. पल्लवीचं माहेर म्हसा गावाच्या बाजूचं. तिनं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते तिथल्याच जयंतीच्या कार्यक्रमात, आणि पाहिलं म्हणायचं तेसुद्धा उगाच. तिच्या आणि स्टेजच्या मधे मंडपाचा बांबू होता. गाणं संपेपर्यंत तिनं नुसता आवाज ऐकला. माणूस नंतर दिसला, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्याचं नाव मोठं झालं नाही. कुठल्या कंपनीनं त्याची गाणी काढली नाहीत. आठ वर्षांपूर्वी घरात एक जुना कंप्युटर आणि एक माइक आला, आणि रविवार दुपारचं रेकॉर्डिंग सुरू झालं. पंखा बंद करायचा, कुकर लावायचा नाही, चिमाबाईंनी खोकायचं नाही. चिमाबाई म्हणजे सुयोगची आई. सुयोग भिंतीशी माइकसमोर उभा राही आणि कंप्युटरवर पल्लवी बसे. त्याला ते यंत्र हाताळायची भीतीच वाटे. वायरमन माणूस, कडाडत्या विजेत खांबावर चढणारा, पण माउस हातात दिला की घाम फुटायचा.

भाग्यश्री पाच वर्षांची असताना तिनं खेळता खेळता एक अख्खं गाणं पुसून टाकलं. सुयोग पोरीला काही बोलला नाही. फक्त जेवला नाही. पल्लवी नुकतीच पंचायत समितीतलं प्रशिक्षण घेऊन आली होती, तिथं शिकवलं होतं, माणूस तितकं लॉगिन. तिनं सुयोगच्या नावानं वेगळं खातं काढलं, सगळी गाणी त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाकली आणि त्या फोल्डरची परवानगी असलेल्यांच्या यादीतून एकेक नाव उडवलं. घराचं खातं उडवलं, स्वतःचं उडवलं. राहिला फक्त सुयोग.

“आता भाऊसाहेब आले तरी उघडायचं नाय,” ती म्हणाली.

“आन मला उघडता येल का?” सुयोगनं विचारलं.

“मी हाय ना.”

त्यानंतर त्याच्या नावाचा पासवर्ड टाकून तीच आत जायची.

तो गेल्यावर तो कंप्युटर कोणी लावला नाही. पल्लवीनं त्यावर जुनी ओढणी टाकली होती. मोबाइलवर कार्यक्रमांचे तुकडे होते, लोकांनी पाठवलेले, पण त्यात ढोलकी जास्त आणि सुयोग कमी. तेही तिनं उघडले नव्हते. वर्षभरात तिनं त्याचा आवाज एकदाही ऐकला नव्हता. मुद्दामच. तिनं मनाशी एक हिशेब धरला होता, आणि तो कोणाला सांगितला नव्हता: हे जे सगळं गोठलंय ते सुयोगचा आवाज ऐकला की सुटेल. कपाटात शेवटची गोळी ठेवावी तसा तिनं तो आवाज ठेवला होता. आणि गोळी घेऊनही गुण आला नाही, तर मग पुढं काय? मग आपण अशाच राहणार, कायमच्या, हातांनी भाकऱ्या थापत. याची तिला भीती वाटायची. वर्षभरात वाटलेली ती एकच गोष्ट.

पहिल्या पुण्यस्मरणाची गोष्ट निघाली तशी चिमाबाईंनी सांगून टाकलं, “त्याचा आवाज लावा विहारात. फोटोला हार काय, कोणाच्याबी फोटोला घालतात. माझा पोरगा गायचा.” वंदनेचं गाणं लावायचं ठरलं, प्रत्येक कार्यक्रमात सुयोग ज्यानं सुरुवात करायचा ते.

रितेशनं, म्हणजे धाकट्या दिरानं, ओढणी काढून कंप्युटरचं बटण दाबलं. आतून जळका वास आला, बाकी काही नाही. पावसाळ्याच्या दमटीनं त्याची वाट लावली होती. शहापूरच्या दुरुस्तीवाल्यानं डबा उघडून बघितला आणि म्हणाला, हा गेला, पण डिस्क जिवंत आहे. ती काढून एका छोट्या पेटीत बसवून दिली, वर जोडायची वायर. रितेश कल्याणहून एक वापरलेला लॅपटॉप घेऊन आला. “वहिनी, पुढचं तुमीच बघा,” म्हणाला. यात बघण्यासारखं काही आहे असं त्याला वाटत नव्हतं. या भांड्यातलं त्या भांड्यात ओतायचं.

शनिवारी सकाळी पल्लवी बसली. भाग्यश्री शाळेत होती. डिस्क जोडली, सगळं निवडलं, नव्यात ओतायला लावलं. मधेच एक खिडकी आली, या फोल्डरची तुम्हाला परवानगी नाही, वगळू का? बाकीचंही असलं काही आलं तर तेही वगळू का? तिनं ‘हो’ केलं. कार्यालयातली सवय. तिथं दिवसाला असल्या चाळीस खिडक्या येतात, वाचत बसलं तर रांग रस्त्यावर जाईल.

ओतून झालं. लग्नाचे फोटो आले, भाग्यश्रीच्या बारशाचे आले, तिचे स्वतःचे जुने अर्ज आले. सुयोग नावाचं फोल्डरही आलं. उघडलं, तर रिकामं. जुन्या डिस्कवरचं उघडायला गेली, तर तिथं पुन्हा तेच, परवानगी नाही.

खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. उघडलंच नाही, तर ऐकायचा प्रश्नच मिटला. गोळी कपाटात सुरक्षित. ती उठली आणि भांडी घासायला घेतली.

चिमाबाई ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. “मिळाला का?”

“नाय, आई. उघडत नाय.”

“कोण उघडू देत नाय?”

“कंप्युटर.”

“त्याला सांग, मी आई हाय त्याची.”

एरवी हे ऐकून पल्लवी हसली असती. तिनं तवा पालथा घातला. मागं वाल टोपलीत पडत होते.

“पल्लवी,” चिमाबाई म्हणाल्या, “तुला जमत नाय आसा कंप्युटर मी अजून बघितला नाय. तुला ऐकवत नसंल तर लावायच्या येळेला तू भायेर जा. कोण काय बोलला तर मी बघून घेईन. पण मला एकदा ऐकू दे. माझा वय झाला गो.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. आपण एकटीच काही राखून ठेवलंय असं पल्लवीला वर्षभर वाटत आलं होतं. ते राखलेलं या बाईचंही होतं, आणि तिला आपण उपाशी ठेवलं, हे तिला तवा हातात असताना उमगलं. तिला लाज वाटली. हात पुसून ती परत लॅपटॉपसमोर बसली.

काय झालंय ते तिला पहिल्या मिनिटातच कळलं होतं. कंप्युटर माणसाला नावानं ओळखत नाही. प्रत्येक खात्याला तो आतल्या आत एक लांबलचक आकडा देतो. जुन्या डब्याला सुयोग म्हणजे कोण ते माहीत होतं. या नव्या लॅपटॉपला माहीत नव्हतं. फोल्डरच्या गुणधर्मांत जाऊन तिनं मालकाचा रकाना काढला, तर तिथं सुयोगचं नाव नव्हतंच. पंचवीस-तीस आकड्यांची माळ होती, आणि बाजूला लिहिलं होतं, अनोळखी खातं. परवानगी असलेल्यांच्या यादीतही तीच माळ, एकटीच. बाकीची नावं पल्लवीनं स्वतःच्या हातानं उडवली होती. चार वर्षांपूर्वी घातलेलं कुलूप इतकं चोख होतं की आज तेच तिला आत घेत नव्हतं.

मालक बदलायचा. कार्यालयात हे काम ती डोळे मिटून करायची. घर बापाच्या नावावरून मुलाच्या नावावर, नवऱ्याच्या नावावरून बायकोच्या. तिनं ‘बदला’वर टिचकी मारली, आपलं नाव लिहिलं, नाव तपासून घेतलं. खाली एक चौकट होती, आतल्या सगळ्या फायलींचाही मालक बदलू का? ती तिला दिसली नाही. दिसली नाही की बघितली नाही, तिलाच ठाऊक. ‘ठीक’ केलं. फोल्डर उघडलं. आत गाण्यांची नावं ओळीनं लागली होती, दोनशे बारा. एकावर टिचकी मारली, परवानगी नाही. दुसऱ्यावर मारली, परवानगी नाही.

ती यादी वाचत खाली गेली. नावं तिनंच दिलेली होती. ‘जयंती मुरबाड’, ‘सराव’, ‘सराव २’, ‘घसा बसलेला’, ‘वंदन चांगलं’.

मग परत गेली, आणि या वेळी चौकटीत खूण केली. हिरवी पट्टी सरकली, दोनशे बारा फायली एकेक करून तिच्या नावावर झाल्या. तरी वाजेनात. मालक झालं म्हणून वाचायचा हक्क मिळतोच असं नाही, तो वेगळा लिहून द्यावा लागतो. इतकी वर्षं लोकांना जाळीच्या खिडकीतून हेच सांगत आल्यावर आता तिची पाळी होती. परवानगीच्या यादीत तिनं आपलं नाव घातलं, पूर्ण अधिकार दिले, आणि हेच आतल्या सगळ्याला लागू कर म्हणून दुसरी खूण केली. आकड्यांची ती माळ यादीत खाली तशीच राहिली. ती काढून टाकायचीही सोय होती. पडद्यावरचा बाण तिच्यावर जाऊन थोडा वेळ थांबला. मग तिनं ती राहू दिली आणि खिडकी बंद केली.

‘वंदन चांगलं’ नव्या लॅपटॉपवर घेतलं. चालतंय का ते तपासायला तर हवं. तिनं आधी आवाज बंद केला आणि मग गाणं लावलं. पडद्यावर रेघ पुढं सरकत राहिली, सहा मिनिटं चाळीस सेकंद, शेवटपर्यंत. पल्लवी रेघेकडे बघत बसली. वाजलं म्हणजे वाजलं.

“झाला, आई,” तिनं ओटीवर जाऊन सांगितलं. “लावू का आता?”

चिमाबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. “नको. उद्या लावू. सगळ्यांच्यात.”

रितेशचा फोन आला. “वहिनी, सुरुवातीला काय बोलणं-बिलणं नाय ना? असला तर कापून टाका, डायरेक्ट गाणं पायजे.”

“बघितला मी. बराबर हाय,” पल्लवी म्हणाली. खोटं काय होतं त्यात? बघितलं होतंच.

रविवारी अकराला विहार भरलं. किन्हवलीची, मुरबाडची माणसं आली होती, गायन पार्टीतले चौघं एका रांगेत बसले होते. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढं मेणबत्त्या लागल्या, बाजूला सुयोगचा फोटो. बौद्धाचार्यांनी त्रिसरण, पंचशील घेतलं. पल्लवीनं सगळ्यांबरोबर म्हटलं. पांढऱ्या साडीच्या निऱ्या नीट आल्या नव्हत्या, तेवढंच तिच्या डोक्यात होतं. दोघं-तिघं बोलले. सुयोग मनमिळाऊ होता, हाकेला धावायचा. मुरबाडच्या एका बाईनं पदर डोळ्यांना लावला आणि लावता लावता पल्लवीकडे बघून घेतलं.

मग रितेशनं लॅपटॉपची वायर स्पीकरला जोडली आणि तिला खूण केली. चिमाबाईंनीही तिच्याकडे बघितलं, आणि हलकेच दाराकडे मान केली, जायचं तर जा. पल्लवी गेली नाही. आता जे व्हायचं ते होऊ दे, आणि काहीच होणार नसेल तर तेही एकदा कळू दे, असं तिच्या मनात आलं. तिनं गाणं लावलं.

आधी नुसती घरघर आली. मग खुर्ची सरकली. सुयोगनं घसा साफ केला. आणि भिंतीवरच्या दोन्ही स्पीकरमधून, गायचा नव्हे, घरातला, जेवायला वाढ म्हणताना असायचा तो आवाज आला:

“पल्लवी, चालू झाला का गो?”

“झाला. म्हणा तुमी,” पल्लवी म्हणाली.

मोठ्यानं म्हणाली. भरल्या विहारात, शंभर माणसांत, लॅपटॉपवर वाकलेली, मागं वळून न बघता, जशी दर रविवारी म्हणायची तशी. तिचे शब्द संपतात न संपतात तोच स्पीकरमधून तिचाच आवाज आला, थोडा हसरा, “झाला. म्हणा तुमी.”

आणि सुयोग गायला लागला.

पल्लवीनं मागं वळून बघितलं. भिंतीशी कोणी उभं नव्हतं. तो गेलाय हे तिला वर्षभर माहीत होतं; दाखला तिनंच छापला होता. पण तो आता कधीच विचारणार नाही, हे तिला त्या क्षणी कळलं. ती टेबलाचा कोपरा धरून खाली बसली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिचा तिलाही ओळखू आला नाही. माणसं उठून उभी राहिली. रितेश घाबरून लॅपटॉपकडे धावला आणि त्यानं गाणं बंद करायला हात पुढं केला.

चिमाबाईंनी तो हात धरला. त्यांचे स्वतःचे गाल भिजलेले होते.

“हात लावू नको,” त्या म्हणाल्या. “वाजू दे.”